पुढच्या चाकातली हवा

रणजीतने माझ्या नव्या सायकलचं पुढचं टायर अंगठ्याने दाबलं आणि ऑपरेशन आटोपून बाहेर आलेला डॉक्टर नातेवाइकांकडे बघतो तसं माझ्याकडे बघितलं.

"किती भरलीय?"

"चाळीस."

"दगड केलायस राव! डोंगरावर जायचंय तुला, का नाशिक रोडला कंटेनर चालवायचाय?"

मला हे लागलं. लागायचं कारण असं, की मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. अख्ख्या प्लँटमधली मोजमापाची साधनं बरोबर दाखवतात की नाही, हे तपासणं म्हणजे माझी नोकरी. माझ्या सहीशिवाय तिथे एकही गेज वापरात येत नाही. अशा माणसाच्या चाकात चुकीची हवा निघावी, आणि ती चूक वाकडला राहणाऱ्या, मार्केटिंगमध्ये काम करणाऱ्या माझ्या मित्राने, रणजीतने, काढावी, हे सहन होण्यासारखं नव्हतं.

ही डोंगरावर चालवायची सायकल. तिच्या जाड टायरात ट्यूब नसते. आत दुधासारखं एक चिकट द्रव ओततात. बारीकसारीक काटा लागला, तर ते द्रवच भोक बुजवतं. हवा जास्त झाली की सायकल प्रत्येक दगडावरून उडते. कमी झाली तर वळणावर टायरची कड रिमपासून क्षणभर सुटते आणि सुस्स करून हवा बाहेर येते. रणजीत याला "टायरने ढेकर देणं" म्हणतो. म्हणजे जास्त नको, कमीही नको. मग किती? "ते तुझं तुला सापडतं," असं रणजीत म्हणाला आणि निघून गेला. कुठल्याही क्वालिटी मॅन्युअलमध्ये असं वाक्य लिहिलं असतं, तर मी ते नामंजूर केलं असतं.

आमची सोसायटी चिखलीत. तिथे एखाद्या माणसाने पार्किंगमध्ये पंप घेऊन खाली बसणं म्हणजे सार्वजनिक सभा बोलावणंच. पहिले आले हिंदुराव. हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. लोक सकाळी पेपर वाचतात, हिंदुराव लोकांना सल्ले देतात. शिवाय सल्ला संपल्यावर चहा घेतल्याखेरीज ते कुणाच्या दारातून हललेले मी पाहिलेले नाहीत.

"वजन किती तुमचं?" त्यांनी विचारलं.

"त्याचा काय संबंध?"

"अहो, सगळा संबंध त्याचाच. वजनावर हवा ठरते."

मी माझ्या मते असलेलं वजन सांगितलं. तेवढ्यात लिफ्टमधून माझी बायको विजयश्री बाहेर आली. "हे लग्नातलं झालं," ती म्हणाली आणि सध्याचा आकडा तिने इतक्या स्पष्ट आवाजात सांगितला की दुचाकी पुसणारे दोघंतिघं थांबून माझ्याकडे बघू लागले. हिंदुरावांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाले, "मग टायर बदलूनच बघा."

पुढे घोळ मापाचा झाला. माझ्या पंपावरचा काटा एक दाखवी, हिंदुरावांचं जुनं गेज दुसरंच, आणि पेट्रोल पंपावरचं यंत्र तिसरंच काही दाखवून वर शीळ घाली. याचा निकाल लावायलाच हवा होता. मी स्वतः एक चांगलं गेज घेतलं आणि आमच्या लॅबमध्ये तपासावं म्हणून खिशात घालून कंपनीत नेलं.

गेटवर सिक्युरिटीने ते काढून घेतलं. बाहेरचं मोजमापाचं साधन आत न्यायला पास लागतो. मी पास केला. गेज आत गेलं, लॅबमध्ये तपासलं, उत्तम निघालं. संध्याकाळी बाहेर नेताना सिक्युरिटी म्हणाली, बाहेर न्यायच्या पासवर त्याचा कंपनीतला नंबर हवा. नंबर कसा असणार, ते कंपनीचं नाही. मग कंपनीचं नाही याचा दाखला क्वालिटी विभागातून आणा. क्वालिटी विभाग म्हणजे मी. मी दाखला दिला. तर अर्जदार आणि अधिकारी एकच असल्यामुळे तो चालत नाही म्हणाले. माझं गेज आजही गेटवरच्या कपाटात आहे. जाता-येता ते मला काचेतून दिसतं.

"दुसरं घेऊ का?" मी घरी विचारलं.

"आधी पहिल्याला जामीन मिळवा," विजयश्री म्हणाली.

तेव्हा अंगठ्यावर भिस्त ठेवून मी पार्किंगमध्ये थोडी हवा सोड, थोडी भर असं करत राहिलो. एका संध्याकाळी टायर रिमवरून निसटलं. आवाज फटाक्यासारखा झाला आणि आतलं सगळं पांढरं दूध शेजारच्या काळ्या गाडीवर फवाऱ्यासारखं उडालं. गाडी सोसायटीचे चेअरमन दादासाहेब यांची. आदल्याच दिवशी तिची पूजा झाली होती, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं होती. दादासाहेब मूळचे इथल्याच गावातले, आवाज शेतावरचा.

"आमी गाडीला नारळ फोडला, अन् तुमी दूध घातलं व्हय?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लिफ्टजवळ नोटीस लागली: सोसायटीच्या हद्दीत हवेचे कोणतेही प्रयोग करू नयेत. खाली माझं नाव नव्हतं, पण लिफ्टमध्ये शिरणारा प्रत्येक जण ती वाचून माझ्याकडे बघून हसायचा.

म्हणून मी प्रयोग बाहेर न्यायचं ठरवलं. गुरुवारी आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी असते. चाकणच्या पलीकडे, शेवटच्या कारखान्यांच्या मागून डोंगराकडे एक कच्ची वाट जाते. सायकलचं पुढचं चाक काढून ती गाडीत कोंबायची, तिथवर जायचं, चाक बसवायचं आणि चार फेऱ्या मारून हवा जमवायची, असा बेत होता.

गुरुवारी तो भाग ओळखू येत नाही. एरवी ट्रक, भोंगे, कँटीनच्या गाड्या, शिफ्ट सुटल्यावर माणसांचा लोंढा. सुट्टीच्या सकाळी काहीच नाही. दिवाळी नुकतीच झाली होती आणि धुकं इतकं दाट होतं की शेड्सची छपरं तेवढी वर तरंगताना दिसत. त्या कच्च्या वाटेला एका बंद पडलेल्या कंपनीची लांबच लांब भिंत लागते. पूर्वी तिथे लोखंड तापवून हातोड्याखाली ठोकायचे. गेटवरची पाटी कुणीतरी काढून नेली आहे. पाटीमागचा रंग न उडालेला चौकोन तेवढा शिल्लक आहे.

भिंत संपते तिथे वाट वळते. त्या वळणावर माझ्या पुढच्या चाकातून आवाज आला. सुस्स्स.

मी उतरलो. आवाज थांबला. अंगठ्याने टायर दाबलं. मऊ लागल्यासारखं वाटलं. ढेकर, दुसरं काय. मी थोडी हवा भरली आणि परत त्याच वळणावर आलो. सुस्स्स. या वेळी आवाज जरा लांबला. एखादा माणूस एका बाजूने दुसऱ्या बाजूला पाईप फिरवत नेतो तसा तो माझ्या डावीकडून उजवीकडे गेला. हेही मी टायरच्या खात्यावर टाकलं. चाक फिरतं, आवाज फिरणारच.

पुढच्या गुरुवारी मी टायर घट्ट भरून गेलो. ढेकर देणं शक्यच नाही इतकं. बाकी सगळ्या वाटेवर, दगडांवर, उतारावर चाक गप्प. त्या वळणावर पुन्हा सुस्स्स. आणि मानेवर थंड हवेचा एक झोत आला, कॉलरच्या आत शिरून पाठीवरून उतरला. धुकं होतं, पण वारा नव्हता. समोरच्या गवताचं पातं हलत नव्हतं. मी उगाचच मोठ्याने "असो" म्हणालो आणि घरी आलो. "असो" का म्हणालो ते सांगता येणार नाही.

संध्याकाळी हिंदुराव आले. मी सगळी हकीगत सांगितली, कारण हवेवर मत देण्याची संधी त्यांना नाकारणं क्रूरपणाचं झालं असतं. ते रंगात येऊन ऐकत होते. मध्येच म्हणाले, "कुठे म्हणालात हे वळण?"

मी भिंत सांगितली, गेट सांगितलं, रंगाचा चौकोन सांगितला.

विजयश्री चहाचा कप घेऊन आली तेव्हा हिंदुराव उठून चपला घालत होते. "तिथे नका जाऊ," एवढंच म्हणाले. चहा टेबलावर तसाच राहिला. आम्ही दोघं त्या कपाकडे बघत बसलो. या घरात इतकी वर्षं राहून पहिल्यांदाच मला देवापुढे दिवा लावावासा वाटला.

"सायकल विकून टाका," विजयश्री म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीची टोचणी नव्हती, म्हणून मी जास्तच घाबरलो.

पण मी क्वालिटीवाला माणूस. एक दोष तीनदा एकाच जागी दिसला तर त्याचं कारण शोधल्याशिवाय आम्हाला जेवण गोड लागत नाही. पुढच्या गुरुवारी रणजीतला बोलावलं. तो "तू हो पुढे, मी पोचतोच," म्हणाला. म्हणजे तो अजून अंघोळीलाही गेला नव्हता. मी साबणाचं पाणी बाटलीत भरून नेलं. हवा जिथून निघते तिथे फेस येतो, एवढी साधी तपासणी.

वळणावर आलो. आवाज सुरू झाला. मी सायकल उलटी केली, पुढच्या टायरला सगळीकडून साबणाचं पाणी चोपडलं आणि वाट पाहिली. एकही बुडबुडा नाही. व्हॉल्व्हजवळ नाही, कडेला नाही. टायर एकदम ठणठणीत होतं.

आणि आवाज चालू होता.

तो माझ्या चाकातून येत नव्हता. भिंतीच्या पलीकडून येत होता.

पळून जावं, हा विचार मला आला होता हे नोंदवून ठेवतो. पण पळायचं तर सायकल सरळ करायला हवी होती, आणि ती सरळ करेपर्यंत आवाज बदलला. आधी तो लांबलचक होता. आता तुटक तुटक, घाईघाईने येऊ लागला. सुस्. सुस्. सुस्. कुणी झोपलेल्याला हलवून उठवावं तसा. भिंत एका ठिकाणी गुरांनी पाडली होती. मी सायकल ढकलत तिथून आत गेलो. सायकल का नेली? एकट्याने जायची भीती वाटत होती, आणि सोबत म्हणावं असं तेवढंच होतं.

आत मोठी शेड. पत्रे अर्धे गेलेले, यंत्रं सगळी विकलेली. कमरेएवढं गवत. आवाज माझ्या पुढे पुढे चालला होता. मी थांबलो की थांबायचा, निघालो की निघायचा. शेडच्या मध्यावर तो अचानक बंद झाला. मी पाऊल उचललं होतं ते तसंच धरून खाली बघितलं. पुढे जमीन नव्हती.

एका मोठ्या हातोड्याच्या पायाचा तो चौकोनी खड्डा होता. यंत्र काढून नेलेलं, खड्डा पावसाच्या पाण्याने निम्मा भरलेला. काळ्या पाण्यात, भिंतीच्या एका बोल्टला धरून, छातीपर्यंत बुडालेला एक म्हातारा माणूस होता. डोळे उघडे होते. मला वाटलं, संपलंय सगळं. तेवढ्यात पापणी हलली.

"कोन हाय रं?" आवाज फुटत नव्हता. "हात सुटतोय आता."

मारुतराव त्यांचं नाव, पुढच्या वस्तीवरचे. हे अर्थात मला नंतर कळलं. चुकलेली कालवड शोधत आदल्या संध्याकाळी आत आले आणि अंधारात खाली गेले होते. पाय मोडला होता.

मी मदतीच्या नंबरला फोन लावला. बाई फार शांतपणे बोलत होत्या.

"कंपनीचं नाव सांगा."

"पाटी नाहीये."

"प्लॉट नंबर?"

"माहीत नाही."

"मग तुम्ही नेमके कुठे आहात?"

"खड्ड्यापाशी!"

"सर, रस्त्यावरच्या खड्ड्यांसाठी वेगळा विभाग आहे," त्या म्हणाल्या. मी जे ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. पण त्यातून त्यांना माणूस बुडतोय हे कळलं आणि फोन चालू ठेवा, गाडी निघते, असं त्या म्हणाल्या.

बोल्टवरची बोटं एकेक करून उघडत होती. दोर नव्हता. मी काठावर पालथा पडलो आणि सायकल मागच्या चाकाने खाली सोडली. "फ्रेममध्ये हात घाला, बाबा! दोन्ही हात आत घाला!" त्यांनी एक हात घातला, मग दुसरा. त्यांचं सगळं ओझं सायकलवर आलं आणि सायकलचं माझ्या हातांवर. माझ्या मुठीत पुढचं चाक होतं, साबणाच्या पाण्याने बुळबुळीत झालेलं, आणि टायर तर मीच दगडासारखं भरलेलं. ते मुठीत मावेना. बोटं घसरत होती.

मी मान वाकवली, व्हॉल्व्हचं टोपण दातांनी फिरवून काढलं आणि अंगठ्याने आतली पिन दाबली. हवा सुटली. टायर मऊ होत गेलं, होत गेलं, आणि एका क्षणी माझी बोटं त्यात रुतली आणि मूठ मिटली. तिथे मी अंगठा काढला. किती हवा होती, देव जाणे. मापायचं साधन कपाटात होतं. पण आता सुटत नव्हतं.

तरी मी स्वतःच खाली ओढला जात होतो. छाती काठावरून पुढे सरकली. पोट सरकलं. तेवढ्यात माझ्या दोन्ही घोट्यांवर भार आला. दोन मजबूत हातांनी मला जमिनीशी दाबून धरलं. सरकणं थांबलं.

"रणजीत, सोडू नको रे," मी म्हणालो. मागून नुसता श्वास ऐकू येत होता, कष्टाची सवय असलेल्या माणसाचा, सावकाश.

असे आम्ही बराच वेळ होतो. मी रणजीतशी बोलत राहिलो. उशीर केल्याबद्दल शिव्या दिल्या, आल्याबद्दल आभार मानले. मग समोरून, गेटच्या बाजूने, अग्निशमनवाल्यांचे आवाज आले. त्यांच्या पुढे धावत, हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून, रणजीत येत होता. समोरून.

माझ्या घोट्यांवरचे हात तेव्हाही होते. अग्निशमनच्या माणसांनी चाक माझ्याकडून घेतलं, मारुतरावांना वर ओढलं आणि मग ते हात निघाले, आधी एक, नंतर दुसरा. मी वळून बघितलं. माझ्या मागे गवत होतं, आणि ते कुठेच दबलेलं नव्हतं. माझे दात वाजू लागले ते गाडीत बसेपर्यंत थांबले नाहीत. रणजीत त्याला थंडी समजला. मी तसंच समजू दिलं.

चार-सहा दिवसांनी मी मारुतरावांना बघायला दवाखान्यात निघालो, तर हिंदुराव न सांगता बरोबर आले. सोजराबाई, मारुतरावांच्या कारभारीण, उशाशी बसल्या होत्या. त्यांनी माझे हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

"तुम्ही आवाज केलात म्हणून बरं," मी मारुतरावांना म्हणालो. "नाहीतर मला कसं कळणार?"

"म्या?" मारुतराव म्हणाले. "माझा घसा रातीच गेला. आवाज तर वर व्हत व्हता. शिफ्ट सुटली की पोरं अंगावरली धूळ उडवायची न्हाई का हवेच्या पायपानं, तसला. म्या तिथं हेल्परला व्हतो की. रातभर चालू व्हता. त्याच्याच नादानं जागा राह्यलो, न्हाईतर डोळा लागला असता अन् गेलो असतो."

"तिथली विजेची लाईन कधीच तोडलीय," अग्निशमनवाल्यांनी मला सांगितलं होतं. मी ते बोललो नाही. हिंदुराव खिडकीतून बाहेर बघत होते.

"जयसिंग," ते म्हणाले.

मारुतरावांनी मान हलवली. दोघांनाही तो माहीत होता.

जिन्यावर हिंदुरावांनी मला सांगितलं. ते त्याच कंपनीच्या टूलरूममध्ये होते. जयसिंग हातोड्यावर. शिफ्ट सुटली की हवेचा पाईप घेऊन दाराशी उभा राहायचा आणि घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावरची काजळी उडवायचा. बायकोने ओरडू नये म्हणून, म्हणायचा. मग एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, दुरुस्तीला एकटा आला होता आणि त्या खड्ड्यात पडला. हाका मारल्या असणार. ऐकायला कुणी नव्हतं. शुक्रवारी पहिल्या शिफ्टला सापडला.

"त्यानंतर कंपनी फार दिवस चालली नाही," हिंदुराव म्हणाले. "बंद झाली ती दुपारच्या शिफ्टच्या मध्येच. भोंगासुद्धा झाला नाही शेवटचा."

पुढच्या गुरुवारी हिंदुराव सकाळीच दारात उभे. पांढराशुभ्र शर्ट, पायात बूट. "गाडी काढा," म्हणाले. विजयश्रीने काही विचारलं नाही. चहाचा थर्मास भरून दिला.

धुकं तसंच होतं. गेटला आता पोलिसांनी नवं कुलूप लावलं होतं आणि पडलेल्या भिंतीवर काटेरी तार आली होती. आम्ही भिंतीला पाठ टेकून उभे राहिलो. हिंदुरावांनी दोन कपात चहा ओतला, एक मला दिला आणि तिसरा ओतून भिंतीवर ठेवला. आपला चहा त्यांनी सावकाश संपवला. मग पुढे झाले, गेटच्या गजांना धरलं आणि टूलरूममध्ये यंत्रांच्या आवाजावर आवाज काढायची सवय असलेल्या गळ्याने ओरडले,

"जयसिंग! सुट्टी झाली रे! सगळे गेले घरी. तूही जा आता!"

आवाज शेडमध्ये जाऊन परत आला. आम्ही थांबलो. मग आतून, अगदी जवळून, तो आला. सुस्स्स. या वेळी हळू, वरपासून खालपर्यंत, कुठलीही घाई नसलेला. आणि संपला. मी पुष्कळ वेळ कान दिला. कुठेतरी एक टिटवी ओरडली, दूर हायवेवर एक ट्रक गेला, बाकी काही नाही.

हिंदुराव गेटकडे तोंड करून तसेच उभे होते. जुन्या चुन्याच्या भिंतीला ते इतका वेळ पाठ टेकून होते. माझा शर्ट मी झटकायला गेलो, तर तो आधीच स्वच्छ होता.

"बघा जरा," ते न वळता म्हणाले. "पाठीवर कुठे राहिलीय का धूळ?"

मी बघितलं.

"नाही," मी म्हणालो. "कुठेच नाही."